जमीनदारी गेल्यावर दरी का वाढली?

सातबाऱ्याचा उतारा हातात आला की माणूस आधी नाव बघतो, मग क्षेत्र. त्याच कागदावर ‘आकार’ नावाचा एक रकाना असतो, त्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. तिथे दोन रुपये, पाच रुपये, कधी नुसते पैसे लिहिलेले असतात. ज्या गावात एकराचा भाव लाखांत बोलला जातो, तिथेही हा आकडा असा चिल्लरच असतो. आकार म्हणजे त्या रानावर बसवलेला सरकारी सारा. त्याची वंशावळ शोधत गेलं तर आपण १८३५-३६ च्या इंदापूर तालुक्यात पोहोचतो.

त्याआधी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं दख्खनमध्ये एकदा सारा बसवून पाहिला होता. खर्च वजा जाता शेतकऱ्याच्या हातात जे उरेल त्याच्या ५५ टक्के सरकारचे, असा त्याचा हिशोब होता. कागदावर हिशोब बरोबर दिसायचा. प्रत्यक्षात लोकांनी रानं टाकून दिली, काही मुलूख सोडून गेले. मग गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोघे इंग्रज अधिकारी इंदापुरात नव्यानं कामाला लागले. ३३ फुटांची साखळी घेऊन एकेक रान मोजलं गेलं. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तुकडा म्हणजे गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर. मातीचा रंग, पोत, थराची खोली, चुनखडी आहे का, उतार किती, पाणी साचतं का, हे सगळं बघून जमिनीची प्रत सोळा आण्यांत ठरवली. त्यावरून सारा बसवला, तोही पहिल्यापेक्षा बराच उतरवून, आणि ३० वर्षं बदलणार नाही असा शब्द दिला.

या लेखाच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र शेवटी घडली. प्रत्येक सर्व्हे नंबरापुढे एक नाव लिहिलं गेलं, सारा भरणाऱ्याचं. दख्खनच्या बहुतेक गावांत ते नाव जमीन धारण करणाऱ्या शेतकऱ्याचं होतं. हीच रयतवारी.

याच्या चाळीसेक वर्षं आधी, १७९३ साली, बंगाल-बिहारमध्ये कंपनी सरकारनं वहीत दुसरंच नाव लिहिलं होतं, जमीनदाराचं. रान कोण कसतो हे विचारलंसुद्धा नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर दहाएक वर्षांत जमीनदारी कायद्यानं संपली. जमीनदारी होती तो भाग आणि रयतवारी होती तो भाग, दोन्हीकडे एकच राज्यघटना, एकच रिझर्व्ह बँक, एकच पंचवार्षिक योजना. मग हळूहळू दोन्ही भाग एकमेकांच्या जवळ यायला हवे होते. पण १९६० च्या दशकानंतर शेतीच्या उत्पादनातली त्यांच्यातली दरी वाढत गेली, असं एका गाजलेल्या अभ्यासात दिसलं. मूळ कारण निघून गेल्यावर परिणाम वाढावा, हे कोडं मला बरीच वर्षं सोडत नाहीये. ते जमेल तितकं सोपं करून मांडतो.

सूर्यास्ताच्या आत

बंगालचा बंदोबस्त लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या काळातला. कंपनीला १७६५ मध्ये बंगाल, बिहार, ओरिसाची दिवाणी, म्हणजे सारा वसुलीचा हक्क, मिळाला. पाचच वर्षांत बंगालात भयंकर दुष्काळ पडला, आणि दरवर्षी वसुलीचा घोळ होऊ लागला. कंपनीला ठरावीक तारखेला ठरावीक रक्कम हवी होती. म्हणून एक सरळ व्यवहार झाला. जमीनदाराला जमिनीचा मालक मानायचं, कुळांकडून येणाऱ्या खंडातले सुमारे दहा अकरांश सरकारला द्यायचे, उरलेला एक हिस्सा त्याचा. आणि ही रक्कम कायमची, पुढे कधीही वाढणार नाही. म्हणून त्याचं नाव ‘कायमधारा’. ठरल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत पैसे भरले नाहीत तर जमीनदारी लिलावात निघायची.

पहिल्या काही वर्षांत खरंच अनेक जुन्या जमीनदाऱ्या लिलावात गेल्या. पण काळ जसा पुढे गेला तसे भाव वाढले, पडीक रानं लागवडीखाली आली, कुळांकडून मिळणारा खंड वाढला. सरकारचा हिस्सा मात्र १७९३ च्या आकड्यावर थिजलेला. मधली सगळी वाढ जमीनदाराच्या घरात. मग जमीनदारानं वसुलीचा हक्क दुसऱ्याला मक्त्यानं दिला, त्यानं तिसऱ्याला. बर्दवानच्या राजघराण्यानं ही ‘पत्तनी’ पद्धत रूढ केली आणि १८१९ मध्ये तिला कायद्याचं पाठबळही मिळालं. पूर्व बंगालच्या बाकरगंज जिल्ह्यात तर काही ठिकाणी जमीनदार आणि नांगर धरणारा यांच्यामध्ये पन्नासपर्यंत पायऱ्या होत्या. एका भाताच्या खाचरावर पन्नास जणांचं पोट, आणि त्यातला एकही चिखलात उतरत नाही.

चंपारणची गोष्ट आपण शाळेत गांधीजींच्या धड्यात वाचतो. बेतियाच्या जमीनदारीनं गावंच्या गावं निळीच्या गोऱ्या मळेवाल्यांना ठेक्यानं दिली होती. वीस कठ्ठ्यांच्या बिघ्यातले तीन कठ्ठे निळीखाली ठेवायची सक्ती, म्हणून ती ‘तीनकठिया’. १९१७ चा सत्याग्रह कुळांच्या मानेवर बसलेल्या या ठेकेदारीतून उभा राहिला.

कायमधाऱ्याचा आणखी एक परिणाम फारसा बोलला जात नाही, आणि मला तो सगळ्यात खोल वाटतो. सारा कायमचा ठरल्यावर सरकारला मोजणी कशाला करायची? माती कशी आहे, पाऊस किती झाला, पीक किती आणे आलं, कोण कसतंय, हे कळून सरकारच्या तिजोरीत एक पैसाही वाढणार नव्हता. म्हणून कुणी ते लिहून ठेवलं नाही. १८८५ च्या कूळ कायद्यानंतर उत्तर बिहारमध्ये रानागणिक मोजणी सुरू झाली ती १८९० च्या दशकात. जवळजवळ शंभर वर्षं सरकारच्या दप्तरात कसणारा माणूस नव्हताच. आपल्याकडे त्याच शंभर वर्षांत कुळकर्णी, तलाठी, मामलेदार दरसाल जमाबंदी करत होते. त्यात जुलूम होता, लाचखोरी होती, पण सरकारला त्या माणसाचं नाव माहीत होतं. पीक बुडालं तर साऱ्यात सूट मागायला जाण्यासाठी एक दार होतं, मग ते उघडो वा न उघडो.

रयतवारी इंग्रजांच्या डोक्यातून आयती उतरली असंही नाही. मद्रासकडे रीड आणि मन्रो या अधिकाऱ्यांनी बारामहाल नावाच्या मुलखात ती आधी राबवली होती. पेशवाई बुडल्यावर एल्फिन्स्टन दख्खनचा कारभार बघू लागला तेव्हा गावोगाव ‘मिरासदार’ होते, पिढीजात हक्कानं जमीन धरणारे शेतकरी. त्यांच्या खालोखाल ‘उपरी’, म्हणजे बाहेरून येऊन कसणारे. तेव्हा जमीन कसणाऱ्या कुटुंबाच्या नावावर असणं ही कल्पना इथल्या गावगाड्याला नवी नव्हती.

तुलना करायची तर कशी?

अभिजित बॅनर्जी आणि लक्ष्मी अय्यर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये या विषयावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. बॅनर्जींना पुढे २०१९ मध्ये नोबेल मिळालं, ते गरिबीवरच्या वेगळ्या कामासाठी. या निबंधात त्यांनी इंग्रजी अमलातल्या दीडशेहून जास्त जिल्ह्यांची दोन बाजूंनी माहिती जमवली. त्या जिल्ह्यात इंग्रजांनी जमिनीचा हक्क कुणाला दिला होता, आणि स्वातंत्र्यानंतर १९५६ ते १९८७ या काळात तिथली शेती कशी चालली. जमीनदारी नसलेल्या जिल्ह्यांत ओलीत जास्त, रासायनिक खतांचा वापर जास्त, गव्हाचं उत्पादन सुमारे २३ टक्क्यांनी जास्त निघालं. शाळा आणि दवाखान्यांच्या बाबतीतही तोच कल दिसला.

इथे कोणीही जाणता वाचक अडवेल. इंग्रजांनी मुळात गरीब, मुळात वाईट जमिनीच्या भागातच जमीनदारी बसवली असेल तर? मग दोष जमिनीचा, पद्धतीचा नव्हे. खरं तर चित्र उलटं आहे. जमीनदारीच्या भागात पाऊस जास्त होता आणि मातीचा थर खोल. गंगेच्या गाळाची जमीन आपल्या सोलापूर-नगरच्या माळाशी तोलून बघा. तरीही शंका पुरती फिटत नाही, कारण डोळ्यांना न दिसणारे फरक असू शकतात.

म्हणून त्यांनी एक युक्ती वापरली. समजा, एका शाळेत काही वर्षं कडक हेडमास्तर होते, मग मवाळ आले, मग पुन्हा कडक. तुमचं नाव शाळेत कोणत्या साली घातलं गेलं, त्यावर तुम्हाला कोणते हेडमास्तर मिळाले हे ठरलं. त्यात तुमच्या हुशारीचा काही संबंध नाही. इंग्रजांच्या धोरणाचंही तसंच झालं. अठराव्या शतकाच्या शेवटी जमीनदारांवर भरवसा होता. १८२० नंतर मन्रोसारख्यांचा विचार वरचढ झाला आणि जमीनदार हा फुकट खाणारा मधला माणूस आहे असं लंडनमध्येही मानलं जाऊ लागलं. १८५७ च्या उठावानंतर पुन्हा वारं फिरलं. बडे जमीनदार हाताशी असले तर राज्य टिकेल असं वाटून अवधच्या तालुकदारांना त्यांच्या जमिनी परत दिल्या गेल्या. म्हणजे एखादा मुलूख इंग्रजांच्या हातात कोणत्या साली पडला, यावरून त्याला कोणती पद्धत मिळणार याचा बराचसा अंदाज बांधता येतो. मुलूख १८२० ते १८५६ या काळात जिंकला गेला असेल तर जमीनदारी नसण्याची शक्यता जास्त. जिंकण्याचं साल लढाया आणि तहांनी ठरलं, मातीच्या प्रतीनं नव्हे. या सालाचा आधार घेऊन तुलना केली तरी फरक टिकला. शेजारी-शेजारी असलेल्या जिल्ह्यांची तुलना केली तरीही टिकला.

आणि हा फरक १९६५ नंतर रुंदावला. संकरित बियाणं आलं, त्याला वेळच्या वेळी पाणी लागतं, खत लागतं, पीककर्ज लागतं, कृषी खात्याचा माणूस बांधावर यावा लागतो. पावसावरच्या जुन्या शेतीत दोन्ही भाग जवळपास सारखे चालले होते. सरकारकडून काहीतरी मिळवून पुढे जायची वेळ आली तेव्हा एक भाग मागे पडला.

बारडोली आणि चरी

हे असं का व्हावं? दोन गावांच्या गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या की उलगडायला मदत होते. दोन्ही तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या.

सुरत जिल्ह्यातल्या बारडोलीत रयतवारी होती. सरकारनं तिथला सारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढवला. १९२८ मध्ये वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली तालुक्यानं सारा भरायचं नाकारलं. जप्त्या आल्या, म्हशी ओढून नेल्या, जमिनींचे लिलाव पुकारले गेले, तरी लोक हलले नाहीत. शेवटी चौकशी बसली आणि वाढ सुमारे सहा टक्क्यांवर आली. दोन बिघ्यांचा शेतकरी आणि पन्नास बिघ्यांचा शेतकरी, दोघांची पावती एकाच सरकारकडून फाटत होती. भांडण खालून वर होतं आणि सगळे खातेदार एका बाजूला. (खातेदार म्हणतो आहे ते मुद्दाम. त्यांच्याच रानात पिढ्यान्‌पिढ्या वेठीनं राबणारे ‘दुबळा’ या आदिवासी समाजाचे लोक कुठल्याच वहीत नव्हते.)

आता अलिबागजवळचं चरी. रयतवारीच्या मुंबई इलाख्यात असूनही कोकणात खोती होती. ती इंग्रजांच्या आधीपासूनची, पण १८८० च्या खोती कायद्यानं तिच्यावर शिक्का बसला. खोत सरकारला सारा भरणार आणि कुळांकडून भाताचा वाटा घेणार, अर्धेलीच्या जमिनीत निम्मा. त्यावर आणखी निरनिराळे आब-वाब, म्हणजे जादा पट्ट्या, आणि वेठबिगारी. खारेपाटातली शेती म्हणजे समुद्राचं पाणी अडवणाऱ्या बांधावर जगणारी शेती. त्या बांधांवर कुळंच मरमर राबायची. नारायण नागू पाटलांच्या पुढाकारानं १९३३ मध्ये चरी आणि आसपासच्या पंचवीस गावांतल्या कुळांनी जमीन कसायचीच नाही असं ठरवलं. सहा वर्षं रानं पडीक राहिली. ज्यांच्या घरात तांदळाच्या कणग्या असायच्या त्यांनी लाकूडफाटा विकून आणि खाडीतली मासळी धरून दिवस काढले. बाबासाहेब आंबेडकर या संपाच्या पाठीशी उभे राहिले, त्यांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ साल उजाडलं.

दोन्ही लढे मोठे. चरीचा तर मला जास्तच मोठा वाटतो, कारण सहा वर्षं पोटावर दगड ठेवणं ही साधी गोष्ट नाही. पण लढ्याची दिशा बघा. बारडोलीत गाव सरकारशी भांडलं. चरीत गावातलं एक घर गावातल्या उरलेल्या घरांशी भांडलं. खोत आणि कूळ एकाच पाखाडीतले, एकाच देवळातले. असं भांडण संपल्यावरही ते दोघे मिळून शाळेची इमारत किंवा कालव्याची चारी मागायला तालुक्याला जातील, हे अवघड असतं.

हेच बिहारच्या पातळीवर वाढवून पाहा. तिथे स्वामी सहजानंद सरस्वतींनी १९२९ मध्ये किसान सभा उभी केली ती जमीनदारांविरुद्ध. स्वातंत्र्य मिळताच पहिली मागणी जमीन सुधारणेची, आणि ती रास्तच होती. १९५० मध्ये कायदा झाला, जमीनदार कोर्टात गेले, १९५१ मध्ये पाटणा उच्च न्यायालयानं कायदा रद्दबातल ठरवला. राज्यघटना लागू होऊन दीड वर्षही झालं नव्हतं, तोवर तिच्यात पहिली दुरुस्ती करावी लागली. नववं परिशिष्ट जोडलं गेलं ते असे कायदे कोर्टाच्या कात्रीतून वाचवायला. त्या यादीत पहिलं नाव बिहारच्या कायद्याचं आहे. कायदा वाचला, पण मधल्या काळात घरच्या माणसांच्या, नोकरांच्या नावावर जमिनी फिरल्या, कुळांना हुसकावलं गेलं. कसतो कोण याची धड नोंदच नसेल तर कूळ आपला हक्क सिद्ध करणार कसा?

सरकारचा वेळ, पैसा, विधिमंडळाची अधिवेशनं या एका जखमेवर खर्च होत राहिली. बॅनर्जी आणि अय्यर यांच्या मते दरी वाढण्याचं मोठं कारण हेच आहे. जमीनदारीचा वारसा असलेली राज्यं जमिनीच्या भांडणात गुंतली, तर इतर राज्यांत सरकारकडे रस्ते, पाणी, बियाणं, शाळा मागणारा आवाज जास्त एकमुखी होता.

याच चष्म्यातून लोणीच्या साखर कारखान्याकडे बघता येतं. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी उभा केलेला हा सहकारी कारखाना १९५० च्या सुमाराला सुरू झाला. शेअर घेणारे शेतकरी आपापल्या सातबाऱ्याचे धनी होते, तारण ठेवायला स्वतःच्या नावावर जमीन होती, सभेत उभं राहून बोलायची सवय होती. कालव्याचं पाणी नसतं तर नुसत्या सातबाऱ्यावर ऊस उगवला नसता, हेही तितकंच खरं. आणि विषमता तिथेही शिरलीच. महाराष्ट्रातल्या सहकारी कारखान्यांवरच्या एका अभ्यासात दिसलं की सभासदांमध्ये लहान-मोठ्यांचा भेद जिथे तीव्र, तिथे बड्या ऊसवाल्यांच्या हातात कारभार जाऊन उसाला मिळणारा भाव खाली ओढला जातो, कारण मागे ठेवलेल्या पैशाचा फायदा त्यांनाच मिळतो.

वर्धा नदीचे दोन काठ

इथपर्यंत सगळं सुबक दिसतं, पण नागपूरला आलो की घडी विस्कटते.

वर्धा नदीच्या पश्चिमेला वऱ्हाड. निजामाकडून १८५३ मध्ये ते इंग्रजांच्या कारभारात आलं आणि पुढे तिथे मुंबईच्या धर्तीची रयतवारी बसली. पूर्वेला नागपूरकर भोसल्यांचा मुलूख, १८५४ मध्ये खालसा झालेला. तिथे १८६० च्या दशकात मालगुजारी आली. गावचा वसुली करणारा पाटील किंवा मक्तेदार हाच मालगुजार, म्हणजे गावाचा मालक झाला. पात्राच्या अलीकडे खातेदार, पलीकडे मालगुजार. काळी माती तीच, कापूस तोच.

बॅनर्जी-अय्यर यांच्या निबंधात नागपूरसकट मध्य प्रांत जमीनदारीच्या खात्यात धरला गेला होता. २०१३ मध्ये दुसऱ्या काही अभ्यासकांनी यावरच बोट ठेवलं. मालगुजार हा बंगालचा जमीनदार नव्हता, असं त्यांचं म्हणणं. मध्य प्रांतात ‘मालिक-मकबूजा’ होते, स्वतःच्या तुकड्याचे मालक. ‘मौरुसी’ कुळं होती, ज्यांना मालगुजार सहजासहजी काढू शकत नव्हता. बऱ्याच कुळांचा खंडसुद्धा सरकारी बंदोबस्त अधिकारी ठरवून द्यायचा. मालगुजाराची खरी मनमानी चालायची ती त्याच्या ‘सीर’, म्हणजे घरखात्याच्या, जमिनीत. हा प्रांत दुसऱ्या खात्यात टाकला तर शेतीतल्या फरकाचा निष्कर्ष टिकत नाही, असं या अभ्यासकांनी दाखवलं. मूळ लेखकांनी त्याला उत्तर दिलं आणि वाद अजून पुरता मिटलेला नाही.

माझं मत टीकाकारांच्या बाजूला झुकतं, पण त्यामुळे मूळ मुद्दा पडतो असं मला वाटत नाही. उलट तो नेमका होतो. ‘जमीनदारी’ किंवा ‘रयतवारी’ या पाट्या आहेत. पाटीखाली कसणाऱ्याला काय मिळालं होतं ते बघायला हवं. त्याला उठवता येत होतं का, त्याचा खंड कुणी ठरवायचा, त्याचं नाव कुठे लिहिलं होतं का. नागपूर प्रांतात ते बऱ्याच अंशी लिहिलं होतं. पन्नास पायऱ्यांच्या बाकरगंजात ते बरंच उशिरा लिहिलं गेलं.

याचा उलटा पुरावा बंगालातच आहे. १९७८ पासून पश्चिम बंगालमध्ये ‘ऑपरेशन बर्गा’ नावाची मोहीम चालली. कुणाला जमीन वाटली नाही. बटईदार, म्हणजे तिथला ‘बर्गादार’, त्याचं नाव सरकारी दप्तरात नोंदवलं, त्याला उठवता येणार नाही आणि बी-खत त्याचं असेल तर पिकाच्या चारपैकी तीन हिस्से त्याचे असं पक्कं केलं. अधिकारी संध्याकाळी गावात सभा घ्यायचे आणि सगळ्यांसमोर नावं लिहायचे. ज्या जिल्ह्यांत नोंदी जास्त झाल्या तिथे भाताचं उत्पादन वाढल्याचं अर्थशास्त्रज्ञांना आढळलं. १७९३ मध्ये न विचारलेला प्रश्न तिथे १८५ वर्षांनी विचारला गेला.

पूर्व विदर्भातल्या तलावांचीही इथे आठवण येते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत ज्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात ते म्हणजे माजी मालगुजारी तलाव. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या जाणत्या लोकांनी त्यातले कितीतरी बांधले. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात आले आणि गाव मिळून गाळ काढत राहिलं, पाळ दुरुस्त करत राहिलं. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि अनेक ठिकाणी देखभालच थांबली. मालगुजारी जायलाच हवी होती. पण तिच्याबरोबर पाणी सांभाळायची गावाची रीतही मोडली आणि तिच्या जागी सरकारनं वेळेत दुसरी उभी केली नाही, हे भातपट्ट्यातल्या शेतकऱ्यानं पिढ्यान्‌पिढ्या भोगलं आहे.

नाव असणं पुरत नाही

रयतवारीचं गुणगान करावं असाही हा प्रकार नाही. नावावर जमीन आली म्हणजे ती गहाण टाकता येऊ लागली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६० च्या दशकात कापसाचे भाव चढले, सावकारांनी हात सैल सोडला, मग भाव कोसळले. त्याच सुमाराला ३० वर्षांची मुदत संपून सारा वाढला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी लोक सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांना हवे होते कर्जरोखे आणि खतपत्रं, आणि ती मिळतील तिथे जाळली गेली. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. ज्या दप्तरानं शेतकऱ्याला मालक म्हटलं, त्याच दप्तराचा आधार घेऊन सावकार त्याच्या बांधावर आला.

आजचं यवतमाळ, अमरावती हे जुने रयतवारीचे जिल्हे. तिथल्या घरांवर काय कोसळलं आहे हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. इतिहास जमिनीला एक उतार देऊन ठेवतो, पाणी मात्र पुढे कुठे अडवलं आणि कुठे सोडलं त्यावर बरंच ठरतं.

शिवाय त्या वहीत कोण नव्हतं तेही पाहायला हवं. बाईचं नाव नव्हतं, आजही फार कमी ठिकाणी आहे. महारांच्या वाट्याला वतनाच्या तुटपुंज्या जमिनी, त्याही गावची आणि सरकारची पडेल ती कामं करण्याच्या बदल्यात. ती वतनं कायद्यानं संपायला १९५८ साल यावं लागलं. मुंबई राज्याचा कूळ कायदा १९४८ चा आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’. त्या दिवशी जे कूळ जमीन कसत होतं ते कायद्यानं मालक मानलं गेलं, आणि पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणातल्या लाखो घरांचं नशीब पालटलं. पण ज्यांची नोंद कूळ म्हणूनही नव्हती, फक्त मजूर म्हणून होती, त्यांना त्या दिवसाचा काही उपयोग नव्हता.

त्या कायद्याची एक सावली आजही गावागावांत आहे. जमीन कसायला दिली आणि नोंद झाली तर कूळ लागेल, ही मालकाच्या मनातली भीती. म्हणून नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला असलेले लोक रान तोंडी बोलीवर देतात. कुठे खंडानं, कुठे बटईनं, कुठे वाट्यानं, विदर्भात ठोक्यानं किंवा मक्त्यानं. बोली एका वर्षाची, कागद नाही. मे महिन्यात ठोक्याची रक्कम रोख मोजायची, जूनमध्ये बियाणं उधारीवर उचलायचं. बँकेचं पीककर्ज सातबारा बघून मिळतं, म्हणून कसणाऱ्याला ते मिळत नाही. ऑगस्टमध्ये ई-पीक पाहणीला मोबाईलवर त्या पिकाचा फोटो चढतो तो मालकाच्या खात्यावर. ऑक्टोबरच्या पावसात सोयाबीन कुजलं की पंचनाम्याला तलाठी येतो, उतारा मागतो आणि त्यावरचं नाव लिहून घेतो. नुकसानभरपाई जमा होते ती त्या नावाच्या बँक खात्यात. ज्यानं ते सोयाबीन पेरलं, खुरपलं आणि शेंगा फुटताना पाहिल्या, तो पंचनाम्याच्या वेळी बांधावर तिथेच उभा असतो.